ट्रॅक्टर व जीपगाडीचा मागील जोड : काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये

उंसाचा हंगाम तोंडावर आला म्हणजे वेल्डिंगच्या दुकानांपुढें ट्रॉल्यांची रांग लागते. कोणास नवा हुक हवा असतो, कोणाचा दांडा वांकलेला असतो, तर कोणाच्या हुकाचें भोंक झिजून लांबट झालेलें असतें. ढोकी येथें तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून या भागांतील शेतकऱ्यांस उंसाची वाहतूक नवीन राहिलेली नाहीं. परंतु जूं, शिवळ व सापती यांविषयीं आपल्या वडिलांस जितकें बारीक ज्ञान होतें, तितकें ट्रॅक्टर व ट्रॉली यांमधील जोडाविषयीं आपणांस आहे, असें म्हणवत नाहीं.

आमची हयात महसूल खात्यांतील कारकुनींत गेली. अपघाताचे कागद पुष्कळ वेळां हातांखालून गेले. त्यांत कारण बहुधा एका ओळीचें असे : ट्रॉलीची पिन निसटली, किंवा ट्रॅक्टर पुढून उचलून चालकावर उलटला. ती एक ओळ, आणि तिच्याखालीं वारसांची नांवें. ही ओळ लिहिण्याची पाळी ज्या जोडामुळें येते, तो कमी खर्चांत परंतु निर्धास्त कसा करावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

भार कोठें पडतो

प्रथम दोन जातींच्या ट्रॉल्यांतील भेद ध्यानांत घ्यावा. चार चाकी ट्रॉली आपलें वजन आपल्या चाकांवर पेलते; ती जोडावर केवळ ओढ किंवा धक्का देते. दोन चाकी ट्रॉलीचें तसें नाहीं. तिच्या मालाचा कांहीं भाग जोडावर, म्हणजे पर्यायानें ट्रॅक्टराच्या मागील चाकांवर, टेकतो. बैलगाडी हांकलेल्या माणसास हें निराळें सांगावयास नको. माल मागें गेला कीं गाडी उलाळ होते व जूं बैलांची मान सोडून वर जाऊं पाहतें. माल फार पुढें आला कीं बैलांची मान दबते.

हाच हिशेब आंकड्यांत मांडूं. दोन चाकी ट्रॉलींत ३००० किलो माल आहे, जोडापासून तिच्या कण्यापर्यंतचें अंतर ३०० सेंटिमीटर आहे, आणि मालाचा मध्य कण्याच्या ३० सेंटिमीटर पुढें आहे असें धरा. तर जोडावर ३००० गुणिले ३० भागिले ३००, म्हणजे ३०० किलो भार पडेल. तोच मध्य कण्याच्या ३० सेंटिमीटर मागें गेला, तर जोड ३०० किलोंच्या जोरानें वर उचलला जाईल. मग ट्रॅक्टराच्या मागील चाकांची जमिनीवरील पकड सुटूं लागते, ट्रॉली डावीउजवीकडे झोलते, आणि पिन सैल असेल तर ती वर निघून येण्यास हाच क्षण पुरतो. माल तोच, ट्रॉली तीच. फरक केवळ दोन वितींचा.

भार किती आहे यापेक्षां तो कोठें पडतो याला अधिक महत्त्व आहे, ही गोष्ट आपल्याच मुलखांत पूर्वीं सिद्ध झालेली आहे. १८९७ सालीं सुरू झालेली व १९११ सालीं लातूरपर्यंत पोंचलेली बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची होती. तिचे अभियंते एव्हरार्ड काल्थ्रॉप यांनीं गाड्यांची रचना अशी केली कीं, प्रत्येक कण्यावर ५ टनांहून अधिक भार पडूं नये. त्यामुळें हलक्या रुळांवरूनहि मोठाल्या वाघिणी चालल्या. पुढें हा मार्ग रुंद झाला. परंतु त्या छोट्या गाडीनें शिकविलेला धडा ट्रॉली भरतांना आजहि उपयोगी आहे. दोन चाकी ट्रॉली भरतांना मालाचा मध्य कण्याच्या किंचित् पुढें ठेवावा, मागें कधींहि नाहीं.

जोडाची उंची

सर्वांत घातक चूक म्हणजे जोड उंच बसविणें. ट्रॉली नव्या ट्रॅक्टरास जुळत नाहीं, हुक खालीं येतो, म्हणून कित्येकजण ट्रॅक्टरावरचा जोडच वर चढवितात. कोणी तर सांखळी थेट वरच्या टॉप लिंकच्या जागीं अडकवून रुतलेली ट्रॉली ओढतात. याचा परिणाम काय होतो तो पाहा.

ट्रॅक्टराच्या पुढील व मागील कण्यांत १८० सेंटिमीटर अंतर आहे व रुतलेली ट्रॉली काढण्यास १००० किलोंची ओढ लागते असें समजा. जोड जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर या ओढीनें पुढील चाकांवरचा भार सुमारें २२० किलोंनीं कमी होतो. तोच जोड ८० सेंटिमीटर उंचीवर नेला, कीं तो सुमारें ४४० किलोंनीं कमी होतो. त्यांत दोन चाकी ट्रॉलीचा जोडावरील भार मिळवा : ३०० किलो भार मागील कण्याच्या ६० सेंटिमीटर मागें टेकला, तर पुढील चाकें आणखी १०० किलोंनीं हलकीं होतात. दोन हजार किलोंच्या ट्रॅक्टराच्या पुढील चाकांवर मुळांत सात आठशें किलोच असतात. चढ लागला, क्लच झटक्यानें सोडला, कीं उरलेला भारहि जातो आणि ट्रॅक्टराचें तोंड वर उठतें. एकदां उठलेला ट्रॅक्टर मागें उलटण्यास पापणी लवण्याइतकाहि वेळ लागत नाहीं. चालकास उडी मारण्यास अवसर मिळत नाहीं.

म्हणून नियम असा : कारखान्यानें ड्रॉबारास जी उंची दिली आहे तीच ठेवावी, जोड मागील कण्याच्या मध्याहून खालींच असावा. उंची जुळत नसेल तर ट्रॅक्टरास हात न लावतां ट्रॉलीच्या दांड्याचें तोंड बदलून घ्यावें. नांगर उचलण्याच्या दोन भुजांमध्यें आडवी पट्टी टाकून तीवर अवजड ट्रॉली जोडूं नये. कारण त्या भुजा वर उचलल्या जातात, आणि त्यांबरोबर जोडहि उंच जातो. पुढें वजनाच्या पाट्या लावण्याची सोय असल्यास त्या हंगामांत काढूं नयेत.

पिन, बोल्ट व वेल्डिंग

पिनेचें बळ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. २५ मिलिमीटरची पिन झिजून २० मिलिमीटर उरली, तर बळ पांचांतलें चार भाग उरलें असें दिसतें. वस्तुतः २५ चा वर्ग ६२५ व २० चा वर्ग ४००, म्हणजे शेंकडा ६४ च उरलें. शिवाय भोंक व पिन यांमधील सैलपणामुळें प्रत्येक गचक्यास हातोडा मारल्यासारखा ठोका बसतो. झिजलेली पिन बदलण्याचा खर्च हा वाहतुकीच्या एका खेपेपुढेंहि नगण्य आहे.

दुसरें असें कीं, पिन दोन पट्ट्यांच्या मधून जावी. म्हणजे ती तुटावयाची झाल्यास दोन ठिकाणीं तुटावी लागते. एकाच पट्टींत उभी केलेली पिन अर्ध्याच बळाची, आणि वर ती वांकतेहि. पिनेच्या ठिकाणीं बांधकामाची सळई, जुना बोल्ट किंवा पहारेचा तुकडा घालण्याची रीति मोडून काढावी. पिनेस खालून अटकाव हवा. बैलगाडीच्या कण्यास खीळ नसेल तर चाक राहात नाहीं, तशी ही गोष्ट आहे. खालच्या भोंकांत स्प्रिंगची आटपिन घालावी. तार गुंडाळून किंवा चिंधी बांधून भागवूं नये.

बोल्ट घेतांना त्याच्या डोक्यावरील आंकडा वाचावा. ८.८ असें कोरलेला बोल्ट ४.६ च्या साध्या बोल्टापेक्षां दुप्पट ताण सोसतो. दिसावयास दोन्ही सारखे; किंमतींतील फरक थोडा. जोडाच्या जागीं ८.८ हून हलका बोल्ट घेऊं नये, आणि पहिल्या दोन खेपांनंतर सर्व बोल्ट पुन्हां आंवळावे.

वेल्डिंगविषयीं तीन गोष्टी सांगावयाच्या. ट्रॅक्टराच्या ओतीव लोखंडाच्या अंगास कांहींहि वेल्ड करूं नये. तेथें बोल्टाचीच जागा. पिनेस वेल्डिंगनें भर देऊन पुन्हां वापरूं नये. उष्णतेनें तिचें पाणी उतरतें किंवा ती ठिसूळ होते. आणि वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडवाव्या.

सांखळी, ब्रेक व दिवे

पिन कितीहि चांगली असली तरी दुसरा आधार हवा, आणि तो म्हणजे सांखळी. दांड्याखालून दोन सांखळ्या गुणिलेच्या खुणेप्रमाणें एकमेकींवरून नेऊन ट्रॅक्टराच्या अंगास अडकवाव्या. जोड सुटलाच तर दांडा रस्त्यांत न रुततां त्या झोळींत पडतो. सांखळी वळणावर ताणूं नये इतकी सैल व जमिनीस घासूं नये इतकी आंखूड असावी. ती त्याच पिनेस मात्र अडकवूं नये. पिन गेली तर सांखळीहि जाईल.

उतारावर जोडावर ओढ नसते, धक्का असतो. दहा टनांची ट्रॉली विसांत एक अशा उतारावर सुमारें ५०० किलोंच्या जोरानें ट्रॅक्टरास ढकलते. अशा वेळीं गाडी न्यूट्रल करून डिझेल वांचविणें म्हणजे रुपयासाठीं घर विकणें होय. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर टाकावा. शेतांत वळण्यासाठीं सोडविलेले दोन्ही ब्रेकचे पायदळ रस्त्यावर येतांच एकत्र जोडावे. नाहींतर एका बाजूचा ब्रेक लागून ट्रॉली ट्रॅक्टरावर चढते.

ऊंस रात्रीं वाहिला जातो, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास न दिसणारी ट्रॉली म्हणजे रस्त्यांत उभी केलेली भिंतच. मागें तांबडे दिवे व परावर्तक पट्ट्या लावाव्या. उंसाच्या मोळ्यांखालीं त्या झांकल्या जाणार नाहींत अशा जागीं लावाव्या. आपल्या व बीड जिल्ह्यांतील तोडणीकामगारांचीं कुटुंबें दर हंगामांत मुलांबाळांसह बाहेर पडतात. त्यांस भरलेल्या ट्रॉलीवर किंवा ट्रॉलीच्या दांड्यावर बसूं देऊं नये. ट्रॉली ही मालाची गाडी आहे, आणि दांड्यावरून पडलेला माणूस थेट चाकाखालीं जातो.

जीपगाडीचा जोड

अलीकडे ज्यांचे घरीं जीप किंवा व्हॅन आहे, ते तिच्यामागें जोड बसवून मोटारसायकल अथवा मुलांच्या सायकली नेऊं इच्छितात. येथेंहि तोच तराजू लागतो. मोटारसायकल व तिची चौकट मिळून १५० किलो भार मागील कण्याच्या १२५ सेंटिमीटर मागें टांगला, आणि गाडीच्या दोन कण्यांत २५० सेंटिमीटर अंतर असलें, तर पुढील चाकांवरचे ७५ किलो उचलले जातात व मागील कण्यावर २२५ किलो पडतात. पुढून हलकी झालेली गाडी वळणावर स्टिअरिंगचें ऐकत नाहीं. म्हणून टांगत्या चौकटीवर सायकलीच न्याव्या. मोटारसायकल न्यावयाची तर ज्यांजवळ पिकअप आहे त्यांनीं ती हौद्यांत उभी करून चोहोंबाजूंनीं पट्ट्यांनीं आंवळावी. याहून स्वस्त उपाय नाहीं.

जोड बंपरास कधींहि लावूं नये. बंपर हा शोभेचा व धक्क्याचा भाग आहे. चासी असलेल्या गाडीस तो चासीच्या दोन्ही लांब दांड्यांस बोल्टांनीं धरावा. निराळी चासी नसलेल्या व्हॅनीस गाडीच्या कारखान्यानें ठरविलेल्या मजबूत जागींच धरावा. पातळ पत्र्यास भोंकें पाडूं नयेत. सायकलींच्या आड क्रमांकाची पाटी व दिवे झांकले जाणार नाहींत हें पाहावें.

कागद

मोटार वाहन अधिनियम १९८८ प्रमाणें ट्रेलर हेंहि मोटार वाहनच होय. त्याची नोंदणी लागते. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीच्या पुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं. म्हणून नवा जोड बसविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें व उत्तर लेखी घ्यावें. विम्याच्या कागदांत ट्रॅक्टराबरोबर ट्रॉलीचीहि नोंद आहे कीं नाहीं, तें आजच उघडून पाहावें. ती नोंद नसली तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाई नाकारण्यास तीच सबब पुढें करते, आणि मग सातबाऱ्यावर बोजा चढतो.

काटकसर कोठें

दांड्यासाठीं सरळ, न गंजलेली जुनी चॅनेलपट्टी चालेल. ट्रॉलीचा हौद, फळ्या व पत्रा जुना चालेल. रंग घरीं लावावा. मोजमाप आपण स्वतः करून कागदावर आंखून कारागिराकडे न्यावें, म्हणजे दुबार मजुरी वांचते. चार शेतकऱ्यांनीं मिळून पिना, बोल्ट व परावर्तक पट्ट्या एकदम आणल्या तर भावांतहि सवलत मिळते. परंतु पिन, बोल्ट, सांखळी व दिवे या चार जागीं पैसा वांचवूं नये.

हंगामांत रोज सकाळीं ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वीं पिन, आटपिन, सांखळी व वेल्डची शिवण हीं डोळ्यांनीं पाहावीं व पिनेची जाडी महिन्यांतून एकदां मोजून वहींत टिपावी. मूळ जाडीचा दहावा भाग झिजला कीं पिन बदलावी. या कामास दोन मिनिटें लागतात, आणि तीं ट्रॅक्टर तापवितांनाहि सांपडतात.