कवटीतली गाठ आणि ‘डोक्यावरची गोळी’

कवटीवर गाठ आली आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला की घरात पहिला शब्द उमटतो तो ‘ब्रेन ट्यूमर’. मग सोलापुरातली तपासणी अर्धवट टाकून मुंबईला जाणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढलं जातं. तेवढ्यात कुणी पाहुणा सांगतो, “आता टार्गेटेड गोळ्या आल्यात, त्या थेट डोक्यातल्या गाठीवर लागू पडतात.” ही भाबडी आशा रुग्णाला महागात पडते, म्हणून ती आधी बाजूला सारायला हवी.

कवटी हे हाड आहे, मेंदू त्याच्या आत. कवटीत वाढणारी कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुसरीकडून रक्तावाटे आलेली असते. स्तन, फुप्फुस आणि प्रोस्टेट हे तिचे नेहमीचे उगम, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड हे विरळ. पेशींनी जागा बदलली तरी त्यांचं मूळ बदलत नाही. थायरॉइडच्या पेशी कवटीत रुजल्या तरी पुष्कळदा आयोडीन ओढत राहतात आणि थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन तयार करत राहतात. त्यामुळे औषध ठरतं ते उगमावरून आणि पेशीतल्या बिघाडावरून. ‘डोक्यावरची गोळी’ असं काही नसतं.

थायरॉइडच्या फॉलिक्युलर कॅन्सरचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. तो रक्तावाटे हाडांत जातो. गळ्यातली गाठ वर्षानुवर्षं दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहते आणि कधीकधी पहिली तक्रार निघते ती डोक्यावरच्या मऊ, न दुखणाऱ्या फुगवट्याची. ‘चरबीची गाठ आहे, कापून टाका’ हा इथला सर्वांत घातक गैरसमज. या गाठीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. स्कॅन न करता चिरा दिला तर रक्तस्राव आवरणं अवघड होतं. बोट ठेवल्यावर गाठ नाडीसारखी उडत असेल तर आधी सीटी किंवा एमआरआय, मगच पुढचं.

याच्या उलट टोकाची भीतीही आपल्याकडे घट्ट आहे: सुई लावली की कॅन्सर पसरतो. नीट आखून केलेल्या बायोप्सीत तो धोका अत्यंत कमी असतो. तुकडा तपासल्याशिवाय मात्र कोणती गोळी चालेल हे कुणीच सांगू शकत नाही. भीतीपोटी बायोप्सी नाकारणारी माणसं आपल्याच हातानं नव्या औषधांचं दार लावून घेतात, याचं फार वाईट वाटतं.

थायरॉइडच्या या कॅन्सरमध्ये गोळीचा क्रमांक पहिला नसतो. आधी ग्रंथीची शस्त्रक्रिया, मग रेडिओआयोडीन. हे औषध आयोडीन ओढणाऱ्या पेशींना गाठतं. नेम धरणारा हा उपचार जुनाच आहे. मुंबईत परळला यासाठीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे. गाठ आयोडीन घेईनाशी झाली आणि वाढू लागली की सोराफेनिब किंवा लेन्व्हाटिनिबचा विचार होतो. या गोळ्या वाढीचे संदेश आणि गाठीला रसद पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या रोखतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 392 रुग्णांच्या चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ लेन्व्हाटिनिबवर 18.3 महिने होता, औषधाविना 3.6 महिने. फरक मोठा आहे, पण ही आजार लांबवणारी गोळी आहे, मुळासकट बरा करणारी नव्हे.

‘टार्गेटेड म्हणजे त्रास नाही’ हेही खरं नाही. रक्तदाब वाढतो, जुलाब होतात, सोराफेनिबनं तळहात-तळपाय सोलवटतात, केसही विरळ होतात. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करण्यापेक्षा पहिल्या आठवड्यापासून रक्तदाब मोजणं आणि त्रास वेळीच सांगणं कितीतरी बरं.

‘हे श्रीमंतांचं औषध’ या समजाला कारण होतं. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च एकेकाळी सुमारे 2,80,000 रुपये होता. 9 मार्च 2012 रोजी भारतातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची सरकारी परवानगी) याच औषधासाठी नॅटको कंपनीला मिळाला, महिन्याला 8,880 रुपयांच्या कमाल दरावर. मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्ये तो कायम ठेवला.

आणि मुंबई गाठण्याच्या घाईबद्दल. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासून चालू आहे. सोलापूर जिल्ह्याला कॅन्सरचं काम नवं नाही. रेडिओआयोडीनसाठी बाहेर जावं लागलं तरी निदानाची सुरुवात इथूनच होऊ शकते. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड्स रुग्णालयाकडून मागून घ्या, जपून ठेवा. जनुकीय तपासणीसाठी पुष्कळदा तो ब्लॉकच मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो, रुग्णाला प्रवास करावा लागत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधीच विचारा.