काँक्रीटचा ओटा, अर्धी गोणी सिमेंट
६ फूट लांब, २ फूट रुंद, २ इंच जाड असा स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे २ घनफूट काँक्रीट. पण कोरडा माल सुमारे ३ घनफूट लागतो! खडीच्या फटींत वाळू बसते, वाळूच्या फटींत सिमेंट. कालवल्यावर माल आटतो, म्हणून हिशेबात दीडपट धरायचा. १ : १.५ : ३ या प्रमाणात (सिमेंट : वाळू : खडी), सांडलवंड धरूनही, ५० किलोंची अर्धी गोणी सिमेंट पुरतं. खडी १० मिलिमीटरचीच घ्या, जाडी कमी आहे. ओट्यात सिंक असेल, तर त्याची जागा हिशेबातून वजा करा. पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्मं, साधारण १२ लिटर. कालवायला सोपं म्हणून जास्त ओतलं की ताकद गेलीच. आणि हो, हा ओटा १३५ किलोंच्या घरात जातो. खालचं कपाट तेवढं पेलेल का, ते आधी बघा.