निखात निधी आणि धातुशोधक यंत्र

मराठी इनामपत्रांत गावाबरोबर कोणते हक्क दिले जात ते सांगताना ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ अशी ठरीव शब्दपंक्ती येते. जुन्या सनदा चाळणाऱ्यास ती चांगलीच परिचित असते. भूमीत पुरलेले धन हे पाणी किंवा झाड यांच्याप्रमाणेच भूमीचे उत्पन्न होय, ही समजूत तीमागे आहे. न कळविता लपविलेला निधी उघडकीस आल्यास तो काढून घेऊन वर दंडही करावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. १८७८ चा निखात निधी अधिनियमही फारसा वेगळा नाही. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविले पाहिजे. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शासनास तो निधी हवा असेल तर धातूची किंमत व तिचा एक पंचमांश एवढी रक्कम द्यावयाची. स्मृतीपासून अधिनियमापर्यंत निधीचे मोल म्हणजे त्यातील द्रव्याचे मोल, ही कल्पना कायम राहिली आहे. वस्तू कोठे व कशाच्या सोबतीने होती, हा प्रश्न तीत गौण ठरतो. गंमत अशी की ‘निखात’ आणि ‘उत्खनन’ हे दोन्ही शब्द एकाच ‘खन्’ धातूपासून निघालेले आहेत. परंतु पुरातत्त्वाच्या दृष्टीने उत्खननाचा सारा अर्थ त्या गौण प्रश्नातच आहे.

धातुशोधक यंत्राने, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील मेटल डिटेक्टरने, हा भेद अधिक तीव्र केला आहे. यंत्राच्या वेटोळ्यातील बदलत्या विद्युत्प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात प्रवाह उत्पन्न होतात आणि यंत्र आवाज करते. नाण्याएवढी वस्तू त्यास साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच कळते. खापर, मणी, हाड, कोळसा, चुलीची राख यांविषयी मात्र ते सर्वथा मुके असते. शोधकाची कुदळ ज्या थरातून जाते तो थर बहुधा याच मुक्या वस्तूंचा असतो.

‘काळी’ आणि ‘पांढरी’ हा भेद खेड्यातील माणसास सांगावा लागत नाही. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंती व केरकचरा साचून वसाहतीची माती पांढुरकी होते. कृष्णा, कोयना, वारणा यांच्या काठची अशी टेकाडे हाच या भागाच्या प्राचीन इतिहासाचा खरा निधी आहे. धाब्यावर घालण्यासाठी व खतासाठी पांढरीची माती पूर्वीपासून नेली गेली. त्यात हानी झालीच, परंतु ती डोळ्यांदेखत होत असे. यंत्र घेऊन रात्री खणलेल्या हातभर खड्ड्याचा माग कोणी ठेवीत नाही.

वस्तू एकत्र राहण्याचे महत्त्व जोगळटेंभीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. नाशिकजवळील त्या ठिकाणी १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एखादे सुटे नाणे केवळ ठसा दाखविते. विजेत्याने जिताचे चलन किती मोठ्या प्रमाणावर आपलेसे केले ते संबंध साठ्यावरूनच समजते. हा साठा चार सराफांकडे वाटला गेला असता तर प्रत्येक नाणे टिकूनही तो पुरावा नाहीसा झाला असता.

ताम्रपटांची गोष्ट त्याहून नाजूक आहे. तांबे मोडीत विकले जाते. कऱ्हाड येथे मिळालेला राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा शके ८८० चा ताम्रपट आणि मिरज येथील चालुक्य जयसिंहाचा शके ९४६ चा ताम्रपट अभ्यासकांच्या हाती आले, म्हणून दहाव्या-अकराव्या शतकांतील या प्रदेशाचे चित्र काही अंशी रेखाटता येते. भाषेच्या अभ्यासकाचे ऋण तर वेगळेच. भारहुतच्या लेखातील ‘करहकट’, कृष्णाच्या ताम्रपटातील ‘करहाट’ आणि आजचे ‘कऱ्हाड’ ही परंपरा जुळते ती दगडावरचे व तांब्यावरचे लेख स्थळासह टिकले म्हणून. कडी तोडून सुटा विकलेला पत्रा कोणत्या गावचा, हे पुढे कोणी सांगू शकणार नाही.

इंग्लंडमध्ये हा छंद उघडपणे चालतो. तेथे १९९६ च्या कायद्यानंतर, १९९७ पासून, हौशी शोधकांकडून सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करून घेण्याची योजना सुरू झाली आणि तीत दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. नांगराने उलथलेल्या मातीतील वस्तू आधीच स्थानभ्रष्ट झालेली असते, असे तेथील शोधक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. मात्र प्रतापगडासारख्या किल्ल्यावर, जेथे नांगर कधी चाललाच नाही आणि मातीचा थर खडकावर जेमतेम बसलेला आहे, तेथे तो युक्तिवाद लागू पडत नाही. नोंद घेणारा प्रशिक्षित माणूस जिल्ह्याजिल्ह्यांत नसताना केवळ यंत्राची मोकळीक उचलणे हे अर्धे अनुकरण ठरेल.

आपल्याकडे यंत्राची गाठ छंदापेक्षा गुप्तधनाच्या समजुतीशी अधिक पडते. त्या समजुतीतून होणारे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने गुन्हा ठरविले. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमान्वये संरक्षित क्षेत्रात परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही आणि १९७२ च्या अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर बंधने घातली. असंरक्षित पांढरीवर मात्र पहारा बहुधा गावकऱ्यांचाच असतो.

किल्ल्यांवर श्रमदानास जाणाऱ्या तरुणांना तोफगोळा किंवा नाणे दिसले तर ते उचलण्यापूर्वी जागेवरच छायाचित्र घ्यावे, जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून अंतर मोजावे, भोवतालची खापरे हलवू नयेत आणि तहसील कार्यालयास व राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. या कामास दोरी, मोजपट्टी आणि अर्धा तास पुरतो.