बर्फाच्या मुलखात कडू वांगी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये हिवाळाभर बर्फ पडतो आणि वांग्याला तर साधा गारवाही सोसत नाही. तरीही तिथले काही शेतकरी ‘जिलो’ हे लहान, कडवट वांगे विक्रीसाठी पिकवतात. गिऱ्हाईक कोण? तिथे स्थायिक झालेले ब्राझीलचे लोक. राज्याच्या विद्यापीठानेही या पिकाचे प्रयोग केले.

रोपे काचघरात वाढवून, दहिवराची भीती सरल्यावर, काळ्या प्लॅस्टिकच्या आच्छादनात लावतात. त्याने जमीन ऊबदार राहते. खरी कसोटी तोडणीची. ब्राझिली गिऱ्हाईक फळ हिरवेच मागते. तांबडे झाले की माल पडून राहतो. भरताचे आणि भरल्या वांग्याचे गिऱ्हाईक वेगळे, हे आपल्या भाजीवाल्या बांधवांना काय सांगावे! तोडलेली वांगी बर्फात मात्र ठेवू नयेत. अति थंडीने सालीला खड्डे पडून ती काळवंडतात.