घोड्यांनी रिकामी केलेली घरं

लंडनच्या केन्झिंग्टन, बेल्ग्रेव्हिया, मेरीलबोन अशा शेलक्या भागांत ज्या चिमुकल्या घरांसाठी लोक लाखो पौंड मोजतात, त्यांतली बरीचशी मुळात माणसांसाठी बांधलेलीच नव्हती. तळमजल्यावर घोडे आणि बग्गी, वर वैरणीचा माळा आणि उरलेल्या जागेत कोचमनचं बिऱ्हाड. बड्या घरांच्या रांगेमागची ही पागांची गल्ली म्हणजे ‘म्यूज’. मोटारी आल्या, घोडे गेले, आणि गल्ली वारसा म्हणून कायद्याच्या छत्राखाली गेली. तिथं राहायला येणाऱ्याला आजही घोड्याच्या सोयीनं केलेली रचना सांभाळावी लागते.

मागे खिडकी नाही

हमरस्त्यावर मालकाचं घर, त्यामागे छोटी बाग, आणि बागेपलीकडे पागा. पागेचं तोंड गल्लीकडे, मालकाच्या बाजूची भिंत बहुधा ठार बंद. बाईसाहेब बागेत बसल्या असताना मोतद्दाराच्या पोरांनी वरून डोकावू नये, एवढाच त्यामागचा हिशेब! नोकर हाकेच्या अंतरावर हवा, पण नजरेसमोर नको. आता नोकराच्या खोलीत धनिक राहतात आणि त्या भिंतीपायी अंधारात बसतात, कारण उजेड येतो तो एकाच बाजूनं. मग वास्तुविशारद छपरात काचा बसवतात, जिन्यावरून उजेड खाली सोडतात. काही जण तर वरच्या मजल्याची जमीनच काचेची करतात.

खाली बघून चाला

या वास्तुकलेची खरी गंमत नजर खाली ठेवली की कळते. गल्लीत ग्रॅनाइटच्या ठोकळ्यांची फरसबंदी असते, आणि बऱ्याच ठिकाणी तिचा उतार कडेला नव्हे, मध्यभागी. म्हणजे लीद धुतलेलं पाणी दोन्हीकडच्या दारांपासून लांब, मधल्या पन्हळीतून वाहून जाई. पागेच्या आत कडक भाजलेल्या निळसर विटा असत, त्यांवर चॉकलेटच्या वडीसारखे चौकोन. त्या खाचांमुळे नाल ठोकलेला पाय घसरत नसे आणि घोड्याचं मूत साचत नसे. दाराच्या कडेच्या विटा मुद्दाम गोलवलेल्या, कारण टोकदार कोपऱ्यानं महागडं जनावर खरचटलं तर नुकसान मालकाचं. कमानीच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना दगडाचे किंवा बिडाचे बुटके खुंट असत. घाईत वळणाऱ्या बग्गीचं चाक भिंतीला घासण्याआधी खुंटाला थडकावं, यासाठी.

आता वर बघा. माळ्याच्या दारावर भिंतीतून बाहेर आलेली एक तुळई काही घरांना अजून दिसते. तिला कप्पी लावून वैरणीच्या गाठी वर ओढत. आता त्याच तुळईला फुलांची परडी टांगून घराचे फोटो काढतात.

पदपथाचं काय? बहुतेक गल्ल्यांत तो नाहीच. बग्गी वळवायला सगळी रुंदी लागे, त्यामुळे दार उघडलं की थेट रस्ता. अंगण नसल्याची भरपाई रहिवासी कुंड्यांनी करतात.

कमानीचा थाट

पागेच्या गल्लीला राजवाड्यासारखी कमान कशाला? एक तर, शेजारच्या पांढऱ्याशुभ्र घरांच्या शोभेत खंड पडू नये म्हणून. आणि दुसरं, पलीकडचं शेण-लीद-धुणं झाकायला. कॉर्नवॉल गार्डन्समधल्या घरांसाठी 1860 आणि 1870 च्या दशकांत बांधलेल्या कायनन्स म्यूजच्या कमानी आज संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत. शरद ऋतूत तिथल्या कमानीवरची वेल लालभडक होते आणि कॅमेरेवाल्यांची रांग लागते. हॉलंड पार्क म्यूजलाही अशीच भारदस्त कमान आहे. शिवाय तिथं जिने घराबाहेर आहेत. कोचमनच्या कुटुंबानं घोड्यांमधून वाट न काढता बाहेरूनच वर जावं, ही सोय. घोड्यांचीही सोयच म्हणा!

फुरफुरणं तेच, प्राणी वेगळा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटार आली तेव्हा तिच्यासाठी तयार जागा हजर होती. रुंद दरवाजे, धुता येणारी जमीन, वर माणसाची खोली. कोचमन गेला, शोफर आला. बेकर स्ट्रीटजवळच्या न्यू स्ट्रीट म्यूजमध्ये 1919 साली बेंटली मोटारीचं पहिलं इंजिन फुरफुरलं. त्या गल्लीचं नाव आता चॅगफर्ड स्ट्रीट आहे.

घोडे मात्र पुरते हटले नाहीत. हाइड पार्कच्या उत्तरेला बॅथर्स्ट म्यूजमध्ये लाखमोलाच्या घरांना लागून खरीखुरी पागा टिकून राहिली. तिथून पार्कात रपेट मारता येते. शेजाऱ्यांना वासाची तक्रार करायला तोंड नाही. आधी कोण आलं हे स्पष्टच आहे.

गल्लीतल्या भानगडी

मागची बाजू म्हटली की भानगडी आल्याच. व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या 17 वर्षं आधी, 23 फेब्रुवारी 1820 ला, केटो स्ट्रीटवरच्या पागेच्या माळ्यावर एक टोळी पकडली गेली. बेत होता अख्खं मंत्रिमंडळ कापून काढायचा. पाच जण फासावर गेले. ती वास्तू अजून उभी आहे आणि संरक्षितही आहे. कटवाल्यांच्या माळ्याला सरकारनंच जपावं, हे मला फार आवडतं.

1962 च्या डिसेंबरात विम्पोल म्यूजमधल्या 17 नंबरच्या घराच्या दारावर गोळ्या झाडल्या गेल्या. आत होती क्रिस्टीन कीलर ही तरुण मॉडेल. चौकशीचा धागा पुढे तिच्याशी संबंध असलेले युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांच्यापर्यंत पोचला आणि जून 1963 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

अगाथा ख्रिस्तीचं चेल्सीत क्रेसवेल प्लेसला असंच एक छोटं घर होतं. तिच्या 1937 च्या ‘मर्डर इन द म्यूज’ या कथेत फटाक्यांच्या रात्री मृत्यू घडतो आणि बंदुकीचा बार कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रेमवीरांना हवं असेल तर 2003 च्या ‘लव्ह ॲक्च्युअली’ चित्रपटात दारात उभं राहून पाट्या दाखवण्याचा प्रसंग नॉटिंग हिलच्या सेंट ल्यूक्स म्यूजमध्ये चित्रित झाला आहे.

बेकनचा पसारा

पण माझं मत विचाराल तर म्यूजमधल्या सगळ्या घरांत भारी घर साउथ केन्झिंग्टनचं 7, रीस म्यूज. चित्रकार फ्रान्सिस बेकन 1961 पासून 1992 मध्ये मरेपर्यंत इथं राहिला. चित्रांना प्रचंड किंमत येऊ लागली तरी त्यानं ही जुनी पागा सोडली नाही. शिडीसारखा उभा लाकडी जिना, कठड्याऐवजी धरायला दोरखंड. स्वयंपाकघरातच न्हाणीचा टब. आणि स्टुडिओ म्हणजे जेमतेम 6 मीटर बाय 4 मीटरचा उकिरडा: फाटके फोटो, रंगाचे डबे, ब्रश, गुडघाभर कागद. रंग मिसळायला तो दारं नि भिंती वापरी.

त्याच्या वारसानं 1998 मध्ये हा स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला दिला, कारण बेकन जन्मला डब्लिनमध्ये. मग चक्क पुरातत्त्वज्ञ बोलावले. उत्खननात करतात तसे नकाशे काढले, 7,000 हून अधिक वस्तूंची नोंद केली आणि भिंती, दारं, छत, जमीन, अगदी धुळीसकट सगळं उचलून 2001 मध्ये डब्लिनला जसंच्या तसं मांडलं. आपल्याकडे घरच्यांनी पहिल्याच दिवाळीला रद्दीवाला बोलावला असता.

वर नाही, खालीही नाही

संरक्षित यादीतल्या वास्तूचं स्वरूप बिघडेल असा बदल परवानगीविना केला तर इंग्लंडमध्ये तो नुसता नियमभंग नाही, फौजदारी गुन्हा आहे. एकेकटी इमारत यादीत नसली तरी 1967 च्या कायद्यानं अख्खा परिसर संरक्षित ठरवता येतो, त्यामुळे गल्लीच्या गल्ली नियमांनी बांधली गेली. छप्पर उंचवायचं तर नगरपालिका, बग्गीचं दार काढून भिंत घालायची तरी नगरपालिका.

मग पैसेवाल्यांनी जमिनीखाली मोर्चा वळवला. केन्झिंग्टनमध्ये एकाखाली एक तळघरं निघू लागली: सिनेमाघर, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव. वर ट्रकांची ये-जा, शेजाऱ्यांच्या भिंतींची धाकधूक. शेवटी 2015 मध्ये तिथल्या नगरपालिकेनं धोरण कडक केलं. सर्वसाधारणपणे तळघराचा एकच मजला, आणि संरक्षित यादीतल्या इमारतीखाली तर खणायचंच नाही. ज्यांना तलावाशिवाय करमत नाही, त्यांनी दुसरी गल्ली बघावी.