सहा गुंठे सार्वजनिक

आमच्या घराच्या पायाखाली कपाशीचे शेत आहे असे मी वर्गात सांगतो, तेव्हा मुले हसतात. पण यवतमाळभोवतीची पुष्कळ काळी जमीन अशीच प्लॉटांखाली गेली आहे. लेआउट पाडताना काही जागा सर्वांसाठी मोकळी ठेवावी लागते. आमच्याकडे ती सहा गुंठे होती. सर्वांची, म्हणून कोणाचीच नव्हे! तीत गाजरगवत माजले होते आणि डुकरे लोळत होती.

२०१७ च्या पावसाळ्यात सौ.ने तेथे भाजी लावण्याचा विषय काढला. मी प्राध्यापकाला शोभेलसा आक्षेप घेतला, "वर सगळा मुरूम. माती कुठे आहे?"

याचे उत्तर कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी केव्हाच देऊन ठेवले होते. मूळचे गणिताचे हे गृहस्थ 'प्रयोग परिवारा'तून सांगत, की वाळका पाला आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवा, माती घरीच होते. मुंबईला पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच वाटेने बाग फुलवली. गच्चीवर साधते ते मुरमावर का साधू नये?

पाला जाळणे थांबवले, हेच आमचे पहिले काम. दिवाळीपर्यंत वांगी, अंबाडी, पालक आणि सांबार (पुणेकरांची कोथिंबीर) घरोघरी जाऊ लागली.

मग २०१८ चा उन्हाळा आला. निळोणा धरण आटले, नळाचा नेम राहिला नाही, टँकरपुढे भांडणे होऊ लागली. शेजारचे निवृत्त गुरुजी एका सकाळी कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "सर, माणसांना प्यायला नाही, अन् तुम्ही वांग्यांना पाजता?"

मला उत्तर सुचले नाही, कारण ते बरोबर होते. संध्याकाळी सगळे जमलो. कोणी म्हणाले, बाग मोडा. शेवटी ठरले, की टँकरचा थेंबही द्यायचा नाही. घरटी एक बादली, तीही तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्याची. निम्मे वाफे पडीक ठेवून त्यांवर वीतभर पाला पसरायचा. मे महिन्यात तो पाला उचलला, तर खाली ओल होती. गुरुजींनी स्वतः बोट घालून पाहिली. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची बादली येऊ लागली. भाजी मात्र ते आजही नेत नाहीत. काकू येतात, सांबाराची जुडी पदराआड घेतात आणि म्हणतात, "यांना सांगू नका हं!"