टॉर्निलोच्या छावणीतील केत्साल

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात, एल पासो शहराच्या आग्नेयेस सुमारे ५५ किलोमीटरांवर, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात टॉर्निलो हे कापूस पिकविणारे लहानसे गाव आहे. तेथील सरहद्दीच्या नाक्याला ज्यांचे नाव दिले आहे ते मार्सेलिनो सेर्ना हे मेक्सिकोतून कागदपत्रांवाचून आलेले मजूर. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल होऊन त्यांनी असा पराक्रम गाजविला की टेक्ससच्या सर्वाधिक सन्मानित सैनिकांत त्यांची गणना झाली. याच नाक्यालगत जून २०१८ मध्ये, मुख्यतः आईबापांवाचून सरहद्द ओलांडून आलेल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या हुकमाने तंबूंची छावणी उभी राहिली. ती तात्पुरती म्हणून उभारली होती. परंतु मुदतीमागून मुदत वाढत गेली आणि डिसेंबरपर्यंत तेथील मुलांची संख्या २७०० च्या वर गेली.

ही मुले बहुतांशी ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोर या देशांतील. दारिद्र्य, वारंवारचा दुष्काळ आणि टोळीवाल्यांची दहशत यांना कंटाळून कोणी घर सोडले, तर कोणी आधीच उत्तरेस गेलेल्या आईच्या, मामाच्या वा थोरल्या भावाच्या ओढीने निघाले. अशी मुले सापडल्यावर सरहद्दीच्या पहारेकऱ्यांनी त्यांना ७२ तासांच्या आत आरोग्य खात्याच्या हवाली करावे आणि त्या खात्याने त्यांचे नातलग शोधून, चौकशी करून, मुलांना त्यांच्या स्वाधीन करावे, असा अमेरिकेचा कायदा आहे. पण २०१८ मध्ये नियम कडक करण्यात आला: मुलाला घेऊन जाऊ इच्छिणाऱ्या घरातील प्रत्येक प्रौढ माणसाने बोटांचे ठसे द्यावेत आणि ती माहिती हद्दपारीची कारवाई करणाऱ्या खात्याला उपलब्ध व्हावी. ज्या घरात एका माणसाजवळ जरी वास्तव्याचा परवाना नसेल, त्या घराला भाच्याचा ताबा मागणे म्हणजे स्वतःच्या हद्दपारीस आमंत्रण देणे होते. नातलग पुढे येईनात, आणि ठसे दिले तरी त्यांची तपासणी आठवडेच्या आठवडे रेंगाळे. तंबू भरत गेले ते मुख्यतः यामुळे. सरहद्दीवर मुलांचा लोंढा आला म्हणून नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

या छावणीत शिक्षकांनी मुलांना एक काम दिले: आपण जिथून आलो त्या मुलखाची आठवण देणारे काहीतरी करून दाखवा. चार दिवसांत सुमारे ४०० कलाकृती तयार झाल्या. कागद, पुठ्ठा, लोकर, आइस्क्रीमच्या काड्या असे हाताशी येईल ते साहित्य. आणि त्यातून मुलांनी उभे केले ते आपल्या गावचे चर्च, फुटबॉलचे मैदान, सणाला नेसायचा रंगीत पोशाख. त्यांत केत्साल पक्षी होता. ग्वाटेमालाच्या ध्वजावर हा पक्षी आहे, तेथील चलनाला त्याचेच नाव आहे; पाठ पाचूसारखी हिरवी, पोट लालभडक, आणि नराच्या शेपटीची पिसे जवळजवळ मीटरभर लांब. हा पक्षी कैदेत जगत नाही, अशी तिकडे लोकश्रद्धा आहे. ग्वाटेमालाच्या मुलाला ती कोणी समजावून द्यावी लागत नाही. त्यामुळे पहाऱ्यातल्या तंबूत बसून जेव्हा तो कागदाची पिसे कातरून एकावर एक चिकटवितो, तेव्हा तो केवळ राष्ट्रीय पक्ष्याची प्रतिकृती करीत नसतो, असे मला निश्चित वाटते.

काम संपल्यावर यांतील बहुतेक वस्तू टाकून देण्यात आल्या. छावणीत प्रार्थनेसाठी येणारे एल पासोचे जेझुइट धर्मगुरू राफाएल गार्सिया यांनी मागून घेतल्या म्हणून २९ कृती वाचल्या. डिसेंबरात ठशांची अट शिथिल झाली, मुले नातलगांकडे जाऊ लागली, आणि जानेवारी २०१९ मध्ये छावणी उठली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एल पासोच्या विद्यापीठातील सेंटेनिअल संग्रहालयात या कृतींचे प्रदर्शन भरले; इतिहासाच्या प्राध्यापिका योलांडा लेइवा यांचा त्यात पुढाकार होता.

प्रदर्शनात दुःख शोधीत जाणाऱ्या प्रेक्षकाला तेथे तारेचे कुंपण नाही, पहारेकरी नाही, एवढे भडक रंग आहेत, हे पाहून नवल वाटावे. उलट जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने टेक्ससमधीलच मॅकॲलन येथील तीन चित्रे प्रसिद्ध केली, ती दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी कोठडीतून सुटल्यावर लगेच काढलेली होती; त्यांत गजांआड उभी असलेली माणसे आहेत, पांघरूण ओढून जमिनीवर ओळीने पडलेली माणसे आहेत. म्हणून मॅकॲलनची मुले दुःखी आणि टॉर्निलोची सुखी, असे कोणी म्हणू लागला तर तो फसला. मॅकॲलनच्या मुलांना कोठडीतले दिवस काढायला सांगितले होते. टॉर्निलोच्या मुलांना घर काढायला सांगितले होते. मुलाच्या चित्राला साक्ष म्हणून उभे करायचे असेल तर त्याला कोणता प्रश्न विचारला गेला होता, हे आधी पाहिले पाहिजे. नाहीतर शिक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर आपण मुलाच्या मनाचा आरसा समजून बसतो. आणि घराविषयी विचारलेले मूल चर्चची एकेक काडी इतक्या निगुतीने बसविते, तेव्हा काय मागे राहिले याचा हिशेब त्यात गजांच्या चित्राहून कमी स्पष्ट नसतो.

स्पेनच्या यादवी युद्धात घरांतून हलविलेल्या मुलांकडून त्यांच्या वसतिगृहांत आणि शाळांत अशीच चित्रे काढून घेण्यात आली होती. त्यांतील साठ चित्रांचे पुस्तक १९३८ मध्ये ऑल्डस हक्सली यांच्या प्रस्तावनेसह अमेरिकेत निघाले, आणि कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील विद्यापीठात अशी ६०० हून अधिक चित्रे आज जतन केलेली आहेत. त्यांत बॉम्बफेकी विमाने आहेत, गाव सोडून निघालेल्या आगगाड्या आहेत. आणि कित्येक चित्रांच्या पाठीवर मुलाचे नाव, वय, ठिकाण आणि चित्रात काय घडते आहे तेही लिहिलेले आहे. टॉर्निलोच्या मुलांची नावे प्रकट करता येण्याजोगी नव्हती, कारण ती अल्पवयीन आणि त्यांतील अनेकांचे आश्रयाचे अर्ज अजून निकालात निघायचे होते. तरी त्या २९ कृतींच्या बाबतीत निदान विषय कोणता दिला होता आणि त्या कोणत्या छावणीत झाल्या, याची नोंद राहिली. बाकीच्या सुमारे ३७० कृतींबाबत आता तेवढेच सांगता येते, की त्या केल्या गेल्या होत्या.